शैला माने आणि दोन किलो तीनशे ऐंशी ग्रॅम

दीड वर्ष आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज सकाळी साडेसात वाजता एक बाई खांद्यावर झाडूचा दांडा घेऊन चढउतार करत होती. दांड्याच्या पुढच्या टोकाला तुरीच्या डाळीची पिशवी बांधलेली, मागच्या टोकाला तांदळाची. चौथ्या मजल्यावर पोचली की दांडा खांद्याला लावायची, एक डोळा मिटायची, खिडकीतून समोरच्या चर्चच्या टोकावर बसवलेल्या पत्र्याच्या कोंबड्यावर नेम धरायची आणि तोंडानं 'ठो' म्हणून खाली उतरायची. असे सहा फेरे झाले की पिशव्या सोडून घरी न्यायची आणि त्याच डाळ-तांदळाची खिचडी लावायची.

ही शैला माने. माझ्या डोक्यावर राहते. म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. वय सदुसष्ट, उंची पाच फुटाला एक बोट कमी, मूळ कोल्हापूरची. वडिलांची उद्यमनगरात फौंड्री होती, तिथं मोल्डिंगच्या वाळूत खेळत मोठी झाली. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न करून हॅनोव्हरला आली आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरी केली. इतकी वर्षं जर्मनीत काढली तरी बोलणं अस्सल तिकडचं. कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात तशी ही अजून म्हणते. आमच्या इथल्या मराठी मंडळात नवीन आलेल्या पुण्याच्या मुली एकमेकींकडं बघून हसतात. शैला त्यांना म्हणते, "हसा की. मी करतो म्हटलं की करतो. तुम्ही करते म्हणता आणि करत काही नाही."

कंपनीतलं तिचं काम काय, तर भागांचं वजन कमी करणं. गाडीतली कुठलीशी लोखंडी पट्टी आठशे ग्रॅमची असेल तर ती सहाशेची कशी होईल, हे ही तीस वर्षं बघत बसली. रिटायर झाली, पण ते डोक्यातून गेलं नाही. तिला कुठलीही वस्तू दाखवा, पहिला प्रश्न एकच. "वजन किती?" आता नातू झाला म्हटल्यावर कोणीही वजन विचारतं, ते ठीक. पण माझ्या सुनेनं पाच वर्षं खपून युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट केली, छापलेला प्रबंध मी मोठ्या कौतुकानं हिच्या हातात दिला, तर तळहातावर दोनदा उडवला आणि म्हणाली, "साडेसातशे. पुठ्ठा उगाच जाड घेतलाय."

सून अजून विसरलेली नाही.

तिच्या घरातल्या टूथब्रशला दांडी अर्धीच. कात्रीच्या मुठीला भोकं. टेबलाचे खण काढून टाकलेत, कारण त्यात काही ठेवत नव्हती. "काढता येईल ते काढायचं," हे तिचं ब्रीद, "आणि उरेल ते चाललं पाहिजे." मी एकदा म्हटलं, "अगं शैला, माणसाला थोडं जास्तीचंही लागतं." तर म्हणते, "जास्तीचं लागतं ते जेवणात, अक्का. तिथं कुठं काढतो मी?" ते मात्र खरं. तिच्या मटणाच्या रश्श्यावर तेलाचा तवंग बोटभर असतो.

तर या बाईनं एकसष्टाव्या वर्षी शिकारीचा परवाना काढला. इथं त्याला याग्डशाइन म्हणतात, आणि तो काही पैसे भरून मिळत नाही. आठ महिन्यांचा कोर्स. पक्षी ओळखा, झाडं ओळखा, हरणाचे रोग सांगा, कुत्र्यांच्या जाती सांगा, कायदा पाठ म्हणा, मग नेमबाजी. वर्गात सगळी विशी-तिशीतली मुलं, आणि मधे ही. मुलं निम्मी नापास झाली. ही पास झाली आणि मला येऊन म्हणाली, "आल्झो, तर अक्का, मला आता कोल्ह्याची विष्ठा ओळखता येते. चहा टाक."

परवाना मिळाला, आता बंदूक पाहिजे. मला घेऊन दुकानात गेली. तुम्ही कधी गेला नसाल, मीही पहिल्यांदाच गेले. दागिन्यांच्या दुकानासारखं. मखमल काय, काचा काय. दुकानदार चांगला माणूस होता, पण त्यानं हिच्याकडं एकदा वरून खाली पाहिलं आणि आतून एक बंदूक आणली. म्हणाला, ही खास स्त्रियांसाठी. बघते तर लाकडावर गुलाबाची फुलं कोरलेली. दुर्बिणीसकट चार किलोला टेकलेली. किंमत अशी, की तेवढ्यात आमच्या गावाकडं जुना ट्रॅक्टर आला असता. शैलानं ती खांद्याला लावली, तर नळीचं टोक हळूहळू खाली जात चाललं, जसं काही बंदुकीलाच झोप आली.

"फुलं काढून देता का?" तिनं विचारलं.

"फुलांचेच पैसे आहेत," दुकानदार म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," शैला म्हणाली, "आणि वजनही फुलांचंच आहे."

बाहेर पडली ती पेटलेलीच. ट्राममध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं मराठीतून मला ऐकवत होती. "सहा फुटी बाप्यासाठी बनवायची, त्यावर चार फुलं काढायची आणि म्हणायचं बाईची बंदूक. माझा खांदा काय ओंडका आहे? मी बनवतो. एकच बंदूक, सगळ्या कामाला. हरणाला तीच, डुकराला तीच. उन्हात तीच, चिखलात तीच. नर्सबाईला, पोस्टमनला परवडेल अशी. अडीच किलोच्या आत."

मी म्हटलं, "बंदूक म्हणजे काय खिचडी आहे?"

म्हणाली, "दाराची कडी असते ना अक्का, तशी कडी. मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली बसवायची. एका वेळी एक गोळी. यापेक्षा तुझं शिलाईमशीन अवघड आहे."

आता तुम्हाला वाटेल, ही घरात बसून बंदुका करायला लागली. तसं काही नाही. या देशात घरी बंदुकीचा साधा भाग बनवणंही गुन्हा, आणि शैला कायद्याच्या बाबतीत जर्मनांपेक्षा जर्मन. "कायदा पण एक पार्टच आहे," ती म्हणते, "तो ड्रॉइंगमधी आधीच धरायचा. नंतर बसत नाही." म्हणून तिनं लायसन्सवाला कारागीर शोधला. गावाबाहेर पंचवीस किलोमीटरवर विल्के नावाचे एक म्हातारे बंदूक-मास्तर आहेत. माणूस इतका कमी बोलतो की त्यांच्याकडं फोन कशाला आहे असा प्रश्न पडावा. ही तीन वेळा गेली, तीन वेळा ते "नाइन", म्हणजे नाही, म्हणाले. चौथ्या वेळी चाळीस पानांचं ड्रॉइंग पुढं ठेवून बसून राहिली. त्यांनी चाळीसही पानं पाहिली. मग म्हणाले, "हम्म." आणि थोड्या वेळानं, "या." जर्मनमधलं या, म्हणजे हो. शैलाला मात्र आनंदानं काही सुचेना, मराठीतलं निरोपाचं 'या आता' समजून उठून निघायला लागली, असं ती सांगते. मला वाटतं हे तिनं नंतर जोडलेलं आहे.

लोखंडाचं जे काही ते विल्के मास्तरांच्या कारखान्यात, कुलपात. घरी फक्त झाडूचा दांडा, डाळ, तांदूळ आणि माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा, जो तिनं दोन दिवसांसाठी नेला आणि दीड वर्षानं परत केला. वजन खांद्याला, दंडाला, जिना चढताना कसं लागतं, पुढं किती हवं, मागं किती, हे ती डाळ-तांदूळ इकडं तिकडं करून बघायची. मला जिन्यातून हाक यायची, "अक्का, मूठभर तूर काढली! आता छान बसतंय!"

तळमजल्यावरच्या फ्राऊ ल्युडेमान यांनी नियमांच्या पाटीशेजारी चिठ्ठी लावली, की जिन्यात कवायत करू नये. शैलानं खाली लिहिलं, नियम क्रमांक दाखवा. पाटीवर सायकली होत्या, कुत्रे होते, दुपारची शांतता होती, पण झाडू नव्हता. मग कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक परदेशी बाई चर्चवर नेम धरते. दोन पोलीस आले. उंच, गोरे, गंभीर. मला आणि तिला शेजारी शेजारी उभं केलं. एकानं पिशवीकडं बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?"

"तूर," शैला म्हणाली.

त्यानं वहीत काय लिहिलं देव जाणे. शैलानं परवाना दाखवला, ड्रॉइंग दाखवलं आणि दांडा त्याच्याच खांद्याला लावला. "बघा, तुम्हाला आखूड होतोय ना? कोपर कसं अडकलं? तसं मला तुमच्या बंदुका लांब होतात. आता सांगा, चूक कोणाची?" पोलीस जरा वेळ दांडा खांद्याला लावून उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या बायकोलाही परवाना काढायचा आहे." शैलानं तिची उंची विचारून घेतली.

हे सगळं ती कशासाठी करते, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. शिकारीची हौस म्हणावी तर तसं काही दिसेना. एकदा भाजी निवडताना मी सरळ विचारलं. तिनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"कोर्स केला त्याच्या आधीची गोष्ट," ती म्हणाली. "त्सेलं गावाच्या रस्त्यानं येत होतो. समोर हरणी आली. ब्रेक मारला, पण लागलंच. कंबर मोडली तिची. रस्त्याकडेच्या नाल्याच्या पलीकडं जाऊन पडली. पोलिसांना फोन केला, पोलिसांनी त्या जंगलाच्या शिकाऱ्याला केला. दीड तास, अक्का. दीड तास ती उठायचं बघत होती. मी तिथं बसलो तिच्याजवळ. मग तो आला. म्हातारा, गुडघे गेलेले, खांद्यावर ही एवढी जड बंदूक. त्याला नाला ओलांडता येईना. बंदूक संभाळू का स्वतःला? अजून वीस मिनिटं गेली."

मी निवडलेली मेथी टोपलीत टाकली.

"शिकारी सगळे म्हातारे झालेत," ती म्हणाली. "मीही म्हातारीच. म्हातारं माणूस नाला ओलांडेल एवढी हलकी पाहिजे. बस. दुसरं काही नाही." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

पण परवाना आणि बंदूक असून भागत नाही. जंगल ज्यानं शिकारीसाठी भाड्यानं घेतलंय त्याची लेखी परवानगी लागते, तरच पोलीस तुम्हाला फोन करणार. आमच्या बाजूच्या त्या त्सेलं रस्त्याचं जंगल ब्रोकमान नावाच्या गृहस्थाकडं आहे. साडेसहा फूट माणूस, हिरवी टोपी, टोपीला कसलेसे केस खोचलेले, आणि आजोबांच्या वेळची अक्रोडाच्या लाकडाची बंदूक. त्यांना हे झाडूप्रकरण कळलं होतं. शैला परवानगी मागायला गेली, तर बरोबरच्या चार जणांसमोर म्हणाले, "फ्राऊ माने, बंदूक म्हणजे सायकल नव्हे, हलकी केली की बरी झाली असं नसतं. हलकी बंदूक लाथ मारते. तुम्ही उडून त्या बोरूच्या बेटात पडाल." सगळे हसले. मग त्यांनी अट घातली. नोव्हेंबरात चांदमारीच्या मैदानावर यायचं. शंभर मीटरवरून पाच गोळ्या. पाचही एका तळहातात मावल्या, तर रस्त्याकडेच्या पट्ट्याची परवानगी देतो. नाही मावल्या, तर पुन्हा विचारायचं नाही.

"पुन्हा विचारणार नाही," शैला म्हणाली, "कारण पुन्हा विचारायची वेळ येणार नाही."

उन्हाळ्यात बंदूक तयार झाली. विल्के मास्तरांनी ती सरकारी तपासणीला पाठवली. तिथं म्हणे मुद्दाम जादा दारूचं काडतूस भरून उडवतात आणि काही तडकलं नाही तर शिक्का मारतात. शिक्का आला त्या दिवशी शैलानं माझ्याकडं पुरणपोळ्या मागितल्या. बंदूक दिसायला अगदी साधी. फुलं नाहीत, चकाकी नाही, करड्या रंगाचा लाकडी दस्ता, आखूड नळी. मला विचाराल तर छत्रीसारखी दिसत होती. वजन दोन किलो तीनशे ऐंशी ग्रॅम, दुर्बिणीसकट. शैलानं तो आकडा एखाद्यानं नातवाचे मार्क सांगावेत तसा दुकानात, ट्राममध्ये, डॉक्टरांकडं, सगळीकडं सांगितला. बर्लिनच्या माझ्या भाचीला फोनवरही सांगितला. भाचीला वाटलं, कोणाकडं तरी बाळ झालं.

नोव्हेंबरातला तो शनिवार. उणे दोन. मैदानावर वारा असा, की डोळ्यांतून पाणी. ब्रोकमानसाहेब आणि त्यांचे सात-आठ टोपीवाले दोस्त, विल्के मास्तर, मी थर्मासमधला चहा घेऊन. शैला नेमबाजीच्या जागी उभी राहिली, बंदूक उचलली आणि खांद्याला लावायला गेली, तर ती लागेचना. दस्त्याचं टोक काखेतच अडकलं. पुन्हा उचलली, पुन्हा अडकली. तिसऱ्यांदा जोर केला तर कोटाची चेनच निघाली.

माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या लक्षात आलं. चाळीस पानांचं ड्रॉइंग, ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब, आणि खांद्याचं माप घेतलं कधी? जुलैमध्ये. विल्के मास्तरांच्या कारखान्यात, सुती पंजाबी ड्रेसवर! आज अंगात दोन थर्मल, त्यावर फुगीर कोट, आणि मधे मी विणलेला स्वेटर. तोही मी आवर्जून दुहेरी लोकरीचा विणलेला, कारण परीक्षेच्या दिवशी पोरीला थंडी वाजू नये. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. चाळीस वर्षं या देशात राहूनही आमच्या माणसांच्या डोक्यात एक ऋतू असा असतोच, की जो आम्ही धरतच नाही.

ब्रोकमाननी घड्याळ पाहिलं. मग, वाईट माणूस नाही तो, म्हणाला, "कोट काढा की. पाच मिनिटांचं काम आहे. मी काही म्हणणार नाही."

शैला वळली. पाच फुटाला एक बोट कमी बाई, पण त्या क्षणी मला ब्रोकमान बुटका वाटला.

"हेर ब्रोकमान, फेब्रुवारीत रस्त्याकडेला जनावर पडलं असेल, तेव्हा मी कोट काढून उभी राहू? तिथं जे चालणार नाही ते इथं चालवून दाखवलं, तर मी तुम्हाला फसवलं. आणि तिलाही." 'तिलाही' कोणाला, ते फक्त मला कळलं. मग ती विल्के मास्तरांकडं वळली. "मास्तर, गाडीत करवत आहे?"

विल्के मास्तर म्हणाले, "हम्म," आणि गाडीकडं गेले.

टोपीवाल्यांपैकी एक जण "गॉट इम हिमेल" असं काहीतरी पुटपुटला. आपल्याकडं 'अरे देवा' म्हणतात तसं. शैलानं बंदुकीची कडी काढून विल्के मास्तरांच्या हातात दिली, दस्ता बाकावर आडवा घातला, मागचं रबर स्क्रू काढून सोडवलं. माझ्या स्वेटरच्या बाहीतून दोन बोटं बाहेर काढून लाकडावर ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली. आणि ज्या दस्त्यावर तिनं चार महिने हातानं तेल चोळलं होतं, तो सगळ्यांदेखत कापायला घेतला. मास्तरांनी दुसरं टोक धरलं. फक्त करवत आणि वारा. तुकडा खाली पडला, तिनं रबर परत बसवलं, तुकडा उचलून तळहातावर दोनदा उडवला.

"सत्तर ग्रॅम," ती माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली. "बरं झालं, अक्का. अजून हलकी झाली."

मग बंदूक उचलली, आणि ती खांद्याला अशी बसली जशी तिथंच उगवली होती.

पाच गोळ्या. प्रत्येक गोळीला ती एक पाऊल मागं जायची, पुन्हा जागेवर यायची, कडी मागं, कडी पुढं, कडी खाली. ब्रोकमान म्हणाले ते खरं होतं, हलकी बंदूक लाथ मारते. नंतर आठ दिवस मी तिच्या खांद्याला हळद लावत होते, वांग्याच्या रंगाचा झाला होता. पण तिथं तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. बोरूच्या बेटात तर नाहीच पडली.

आम्ही सगळे चालत टार्गेटपाशी गेलो. चार भोकं जवळजवळ. पाचवं बाजूला, चांगलं चार बोटं लांब. मी मनातल्या मनात स्वेटरला शिव्या दिल्या. ब्रोकमान कागदाकडं बघत उभे. टोपीवाले त्यांच्याकडं बघत उभे.

"हात ठेवा," शैला म्हणाली.

"काय?"

"तळहातात मावल्या पाहिजेत म्हणाला होतात ना? ठेवा की हात."

ब्रोकमाननी हातमोजा काढून हात ठेवला. तो हात आहे का परात! पाचही भोकं झाकली, वर अंगठ्यापाशी जागा उरली.

"माझ्या तळहाताचं म्हणाला असतात तर मी गेलो होतो," शैला मला मराठीत म्हणाली. आणि त्यांना जर्मनमध्ये, "परवानगीवर सही कुठं करताय? इथं की घरी?"

त्यांनी तिथंच केली, बाकावर, तिच्याच पेन्सिलीनं आधी आणि मग पेननं. सही करून झाल्यावर त्यांनी बंदूक एका हातानं उचलली. मग दुसऱ्या हातानं. जरा बाजूला होऊन हळूच विचारलं, इतरांना ऐकू जाऊ नये असं, "माझ्या मापाची होईल? उजवा खांदा हल्ली दुखतो."

"होईल की," शैला म्हणाली. "माप द्यायला या मास्तरांकडं. कोट घालून या."

इथंच ही गोष्ट संपवली तर शैलाला आवडेल. ती स्वतः इथंच संपवते, मंडळात तीनदा सांगितली आहे. पण मी पुढचंही पाहिलंय.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एके सकाळी, नुकतं उजाडलं होतं, तिनं माझी बेल वाजवली. पोलिसांचा फोन आला होता. त्सेलंच्या रस्त्यावर गाडीनं हरणाला उडवलं, गाडीवाला कळवून पुढं गेला, जनावर जिवंत आहे. "चल, अक्का. मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला कोणीतरी पाहिजे." माझ्या अंगावर तिनं एक नारिंगी जाकीट चढवलं. मला ते गुडघ्यापर्यंत आलं. मी गाडीत मागं बसले. शैला आणि वीस मिनिटं गप्प, मला आरशात तिचा चेहरा बघावासा वाटेना.

धुकं होतं. मी रस्त्याकडेला उभी राहिले, ती बंदूक खांद्याला अडकवून उतारानं खाली गेली. खाली पाणी होतं, त्यावर बर्फाचा पापुद्रा. ती हात टेकत पलीकडं चढली. जनावर बोरूत पडलं होतं, डोकं तेवढं वर करत होतं. मला वाटलं आता आवाज होईल, म्हणून मी कानांवर हात ठेवणार, तेवढ्यात शैलाचं बोलणं ऐकू आलं. खाली बसली होती. मराठीत बोलत होती, इतक्या हळू आवाजात की मला आधी ती तीच आहे हे खरं वाटेना.

"उठायचं नाही आता. पड. पड ग बाई. मी आलो. लांबनं आलो, उशीर झाला. आता काही नाही करायचं तुला. मी करतो सगळं."

तिचा मुलगा तिकडं लांब दक्षिणेत, उंटरश्लाइसहाइमला असतो. रविवारी फोन करतो, नातवंडं जर्मनमध्ये 'ओमा' म्हणून हात हलवतात, तीही जर्मनमध्येच हात हलवते. 'ग' म्हणावं, 'बाई' म्हणावं, असं तिच्या घरात कोणी नाही. हे मला त्या रस्त्यावर उभं असताना पहिल्यांदा नीट समजलं.

मग एकच आवाज झाला. धुक्यात तो फार मोठा वाटला नाही.

मी वाट बघत राहिले. दोन गाड्या गेल्या, मी हात दाखवला. ती येईना. म्हणून मीच, या वयात, त्या नारिंगी जाकिटात, धरत-सावरत खाली उतरले आणि अलीकडच्या काठावरून पाहिलं. शैलानं बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली होती. झाडाची एक हिरवी डहाळी तोडून हरणीच्या तोंडात ठेवली होती. इथल्या शिकाऱ्यांची ती रीत आहे, मेलेल्या जनावराला शेवटचा घास देतात. आणि ती शेजारी ओल्या गवतात मांडी घालून बसली होती, एक हात तिच्या कानावर ठेवून.

मी म्हटलं, "शैला, झालं ना ग? चल. गारठशील."

"थांब, अक्का," ती म्हणाली. "लगेच उठून जायचं नसतं."

मी थांबले. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, ती बोलली.

"अरुण गेला हॉस्पिटलमधी तेव्हा मी लगेच उठलो होतो. नर्सबाईनं बोलावलं. कसलातरी फॉर्म्युलार भरायचा होता."

अरुण तिचा नवरा. नऊ वर्षं झाली. तिनं त्याच्याबद्दल मला कधी काही सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं.

ते पाणी मला ओलांडता येण्यासारखं नव्हतं. मी अलीकडच्या काठावर जाकीट सावरून खाली बसले. ती पलीकडं, मी अलीकडं. धुकं विरून रस्ता दिसायला लागेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.